लेकीच्या हातीही दिलेला हुनर

'तालीम' हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. कोल्हापूरच्या तालमीत शिकवणाऱ्याला आजही 'वस्ताद' म्हणतात, तोही आपला 'उस्ताद'च. बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे हुनर जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. चीनमधील एका मुस्लिम खानदानाने मात्र आपला हुनर लेकीच्याही हाती दिला. आज आम्ही वाचकांना त्या खानदानाची ओळख करून देत आहोत.

चिनी भाषा बोलणाऱ्या तेथील मुसलमानांना 'हुई' म्हणतात. उत्तरेकडील हेबेई प्रांतात त्सांगजोउचा परिसर लढवय्यांसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी व्यापाऱ्यांचा माल राखत नेणारे पहारेकरी वाटेत आपल्या पेढीच्या नावाने आरोळी ठोकत. त्सांगजोउच्या हद्दीत मात्र ते अदबीने गप्प राहत, असे सांगतात.

याच भागातील मेंगत्सुन गावी 18व्या शतकात वू जोंग हा हुई उस्ताद होऊन गेला. त्याने शिकवलेली पद्धत म्हणजे 'बाजीचुआन'. एका फिरत्या ताओपंथी साधूने त्याला ती दिली, अशी घराण्यातील कथा आहे. काहीजण तिचा उगम हेनान प्रांतातील एका मंदिरात शोधतात. मेंगत्सुनचा शजरा मात्र वू जोंगपासूनच सुरू होतो.

या पद्धतीत लांबून वार करण्यापेक्षा शत्रूच्या अंगाला भिडण्यावर भर असतो. पाय जमिनीवर जोरात आपटायचा आणि तीच ताकद कोपर, खांदा किंवा मुठीतून बाहेर काढायची. सोबत लांब भाल्याचा सराव असतोच. वू जोंगची खरी कीर्ती भाल्यासाठीच होती.

त्याची मुलगी वू रोंग हीसुद्धा या विद्येत तयार झाली. परंपरेत तिचे नाव नुसती 'उस्तादाची लेक' म्हणून घेतले जात नाही, तर विद्या पुढे नेणारी म्हणून घेतले जाते. पुढे ही विद्या हुई समाजाबाहेरही गेली. जवळच्या लुओतुआन गावच्या परंपरेतून ली शुवेन हा नामांकित भालाईत घडला. तो मुसलमान नव्हता. त्याचा शागिर्द हुओ द्यानगे याने चीनचा अखेरचा बादशहा पू यी याला धडे दिले. दुसरा शागिर्द लिऊ युनचियाओ याने तैवानमध्ये राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक तयार केले.

एवढी पांगूनही विद्या मूळ घरातून गेली नाही. मेंगत्सुनला वू खानदान आजही शिकवते. 2008 मध्ये चीन सरकारने मेंगत्सुनच्या बाजीचुआनची राष्ट्रीय वारशात नोंद केली.

आपल्याकडेही घराघरांत काही ना काही हुनर आहे. कुणाकडे हाडे बसवण्याचा, कुणाकडे जरीकामाचा, कुणाकडे अत्तराचा. मुलगा शिकायला तयार नाही म्हणून तो बापाबरोबर कबरीत जातो, आणि शेजारी बसून सारे पाहणाऱ्या लेकीला कुणी विचारतही नाही. वू जोंगने अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या लेकीला विचारले होते, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.