शंभर डोसांची बाटली आणि आठ कोंबड्या

सकाळचे सात. ओझरहून नाशिकची नाहीतर पिंपळगावची बस गाठायची म्हणून तुम्ही घाईत आहात. तेवढ्यात मागच्या अंगणातून आजीची हाक येते, "जरा बघ ना, तांबडी कशी करतेय!" तांबडी कोंबडी कोपऱ्यात अंग फुगवून, डोळे मिटून उभी असते. तुम्ही फोटो काढता, ग्रुपवर टाकता. कॉलेजात पोहोचेपर्यंत सहा सल्ले येतात. हळद द्या, लसूण द्या, तापाची अर्धी गोळी द्या, कापून टाका. संध्याकाळी घरी येता तेव्हा तांबडी गेलेली असते आणि आणखी दोघी त्याच कोपऱ्यात उभ्या असतात.

ओझर म्हटलं की बाहेरच्यांना विमानांचा कारखाना आणि विमानतळ आठवतो. पण गावात आणि द्राक्षमळ्यांतल्या वस्त्यांवर दारात चार-आठ गावठी कोंबड्या असलेली घरं अजून पुष्कळ आहेत. अंड्यांचे पैसे बहुतेक वेळा आजीचे नाहीतर आईचे स्वतःचे असतात. कोणाला न विचारता खर्च करता येतात असे तेवढेच. म्हणून हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

आधी बघायला शिका

कोंबडी आजार लपवते. अशक्त दिसली की बाकीच्या टोचून हैराण करतात. त्यामुळे ती कोपऱ्यात उभी राहिलेली दिसते, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. खरी तपासणी सकाळी खुराडं उघडताना होते. कोण शेवटी बाहेर आली? कोण दाण्यावर धावली नाही? तुरा लालभडक आहे की फिका, की निळसर? श्वास घेताना चोच उघडतेय का, घरघर येतेय का?

गळ्याखालची पिशवी हाताने चाचपा. रात्री ती भरलेली असते, सकाळी रिकामी हवी. सकाळीही टणक लागली तर काहीतरी अडकलंय. मग शिट बघा. तपकिरी गोळी आणि वर पांढरी टोपी, हे ठीक. अधूनमधून काळपट, चिकट, घाण वासाची शिट पडते, तीही नेहमीचीच. हिरवी-पांढरी पाण्यासारखी किंवा रक्त मिसळलेली दिसली, तर मात्र बस चुकली तरी चालेल.

आणि एक. कोंबडीला हात लावून "ताप आलाय" म्हणू नका. तिचं नेहमीचं तापमानच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. आपल्या हाताला ती कायम गरमच लागणार. तसंच पिसं गळतात आणि अंडी थांबतात, ते दर वेळी आजारानेच असं नाही. वर्षातून एकदा ती जुनी पिसं टाकून नवी घेते.

कोणता आजार, कोणता इलाज?

पिल्लं तीन ते आठ आठवड्यांची आहेत, पंख पाडून बसलीत आणि शिटेत रक्त आहे? मग ही बहुधा रक्ती हगवण. ओल्या भुशीत तिचे जंतू वाढतात. अँप्रोलियमसारखं औषध पाण्यातून वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात, पण भुसा बदलला नाही तर आजार परत येतो.

तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या दिसल्या तर देवी. ती डासांमुळे पसरते. विषाणूवर औषध नाही, पण जखमा स्वच्छ ठेवल्या आणि खपल्या ओरबाडल्या नाहीत तर बऱ्याच कोंबड्या सावरतात. तोंडाच्या आत पिवळट थर आला तर मात्र प्रकरण अवघड.

तोंड सुजलंय, नाकातून घाण वासाचं पाणी येतंय, तर सर्दीचा आजार. इथे आपली निफाड तालुक्याची थंडी आठवा. पारा पाच अंशांच्या खाली जातो, मग आपण मायेने खुराड्याला चारही बाजूंनी गोणपाट आणि प्लास्टिक गुंडाळतो. आत ओल आणि शिटेचा उग्र वास कोंडतो आणि कोंबड्यांच्या श्वासनलिकेची वाट लागते. वारा अडवा, पण वरची फट उघडी ठेवा.

तुरा फिका पडलाय, खायला घालूनही कोंबडी वाळतेय, तर जंत असू शकतात किंवा गोचीड. रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटी बघा. दिवसा लपलेले गोचीड तेव्हा रक्त प्यायला बाहेर येतात. नुसती कोंबडी साफ करून उपयोग नाही, फटीही साफ करायला हव्यात.

सर्दीला अँटिबायोटिक लागू शकतं, पण ते डॉक्टरांनी सांगितलेलंच. घरातल्या डब्यात उरलेली गोळी चुरून देऊ नका. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, त्यामुळे औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही विचारून घ्या. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी हाताशी ठेवलेलं औषध. कोंबड्यांना ते सर्रास दिलं जात होतं. शेवटी केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

मानमोडीला औषध नाही

आता तांबडीकडे येऊ. सुस्ती, हिरवट-पांढरी हगवण, धाप, मग मान पिळल्यासारखी वाकडी, आणि दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं. आजी याला मानमोडी म्हणते, डॉक्टर राणीखेत म्हणतात. १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ हा रोग नोंदला गेला म्हणून जगात त्याचं नाव न्यूकॅसल. त्यानंतर लगेचच तो कुमाऊंमधल्या राणीखेतला सापडला, म्हणून आपल्याकडे ते नाव पडलं.

हा विषाणूचा रोग. हळद, लसूण, अँटिबायोटिक, कशानेच तो बरा होत नाही. पण लस आहे, स्वस्त आहे आणि आपल्याच राज्यात पुण्याला सरकारी संस्थेत तयार होते. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. दोन महिन्यांच्या आसपास आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. पुढचं वेळापत्रक दवाखान्यात विचारायचं.

मग गावठी कोंबड्या दर वर्षी मरतात कशा? घोडं अडतं ते बाटलीपाशी. लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात. एकदा पाण्यात कालवली की साधारण दोन तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. नेताना बर्फ हवा. आजीकडे कोंबड्या आठ. आठ कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? शेजारच्या मावशींकडे पाच, पलीकडच्या काकांकडे बारा. प्रत्येक जण एकटा, म्हणून लस कोणालाच नाही.

इथे तुमचं काम आहे. तुमच्याकडे बाईक आहे, थर्मास आहे, ग्रुप तर आहेच. वस्तीवरच्या दहा-बारा घरांची यादी करा. कोंबड्या किती, पिल्लं किती दिवसांची, ते लिहा. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन दिवस ठरवा. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरल्या की पकडायला सोप्या, म्हणून रात्रीच डालून ठेवायला सांगा आणि पहाटे थर्मासात बर्फावर लस घेऊन घरोघर फिरा. इंजेक्शन पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्या. आजारी कोंबडीला लस टोचू नका. काम झालं की हात साबणाने धुवा, कारण या विषाणूने माणसाचे डोळेही येतात. एनएसएसच्या शिबिरात रस्ता झाडण्याइतकंच हे सोपं आहे.

मेलेली कोंबडी बाणगंगेत नको

मरतुक सुरू झाली की घरात कोणीतरी म्हणतंच, "उरलेल्या बाजारात विकून टाका, निदान पैसे तरी सुटतील." ही कोंबडी विकत घेणारी बाई कोणाची तरी आजीच असते. आजारी कोंबडी बाजारात नेली की रोग दहा वस्त्यांवर पोहोचतो. म्हणून विक्री नाही, नदीत फेकणं नाही, कापून खाणंही नाही. उरलेल्या वेगळ्या ठेवा. मेलेली एक कोंबडी हातमोजे घालून दुहेरी पिशवीत, बर्फासोबत, त्याच दिवशी दवाखान्यात द्या. शवविच्छेदनातून जे कळतं ते फोटोवरून कळत नाही. बाकीच्या चुना टाकून खोल पुरा.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, आसपास कावळे किंवा पाणपक्षीही मरून पडलेले दिसले, तर हात न लावता १९६२ वर फोन करा. बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच शेजारी नंदुरबारच्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हाही तोच निघाला. आपल्या तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, दर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे उतरतात. घाबरायचं नाही, पण डोळे उघडे हवेत.

"कळवलं तर सगळ्या मारून टाकतील," ही भीती खरी आहे. पण नियम माहीत असू द्या. बर्ड फ्लूत सरकारने मारलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवण्यात आजीचाच तोटा.

तांबडी तर गेली. पण आजीने उरलेल्या अंड्यांवर एक खुडूक बसवली असेल, तर एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतील आणि त्यानंतर आठवड्याभरात त्यांना लासोटाचा थेंब लागेल. म्हणजे यादी करायला तुमच्याकडे चार आठवडेसुद्धा नाहीत. शेजारच्या मावशींच्या पाच आजच लिहून घ्या.