एक जून : तारीख एक, लेखनरूपे अनेक

बारामती-इंदापूर भागातील वाड्यावस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांची, आजोबांची कागदपत्रे पाहिली, की एक तारीख वारंवार भेटते : १ जून. जन्माची नोंद घरी नसे आणि शाळा जूनमध्ये भरत असे. म्हणून नाव दाखल करताना गुरुजींनी हीच तारीख लिहिण्याचा प्रघात महाराष्ट्रभर होता. पुढे हीच तारीख नोकरी, निवृत्ती आणि निवृत्तिवेतन ठरविणारी झाली. आता ती संगणकात जात आहे. तेथे ती कशी लिहिली जाते, हे पालकांना आणि विशेषतः संगणकक्षेत्रात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणकाच्या दृष्टीने काळ आणि काळाचे लेखन या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनेक संगणक-प्रणाली १ जानेवारी १९७० च्या जागतिक प्रमाणवेळेनुसारच्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. त्या क्षणी भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्यापूर्वीचा काळ ऋण संख्येने दाखवितात. ही संख्या माणसाला वाचता यावी म्हणून तिला रूप द्यावे लागते. पायथॉन भाषेत त्यासाठी टक्केचिन्हापुढे एकेक इंग्रजी अक्षर लिहितात : लहान 'डी' म्हणजे दिवस, लहान 'एम' म्हणजे महिना, मोठा 'वाय' म्हणजे चार अंकी वर्ष, मोठा 'एम' म्हणजे मिनिटे. जावा भाषेत मात्र मोठा 'एम' महिन्याचा आणि लहान 'एम' मिनिटांचा. एका अक्षराच्या फरकाने महिन्याच्या जागी मिनिटे छापली जातात.

क्रमाचा घोटाळा याहून फसवा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी. १४/०४ ही तारीख अमेरिकी रीतीने वाचू पाहणारा संगणक अडतो, कारण चौदावा महिनाच नाही. सावित्रीबाईंच्या जयंतीची ०३/०१ ही तारीख मात्र तो बिनदिक्कत १ मार्च अशी वाचतो. तसाच ०१/०६ चा ६ जानेवारी होतो. अडणारी चूक लगेच सापडते, न अडणारी दाखल्यापर्यंत पोहोचते.

दोन अंकी वर्षाचेही तसेच. पायथॉन ६९ ते ९९ हे अंक १९६९ ते १९९९ असे वाचतो, तर ०० ते ६८ हे २००० ते २०६८ असे. म्हणजे १/६/६२ ला जन्मलेले आजोबा त्याच्या लेखी अजून जन्मलेलेच नाहीत!

तिसरी गोष्ट प्रमाणवेळेची. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. जन्मतारीख '१ जून, मध्यरात्र' अशी वेळेसह साठविली आणि ती जागतिक वेळेत बदलली, की ३१ मे, सायंकाळचे साडेसहा होतात. वेळ गळून तारीख तेवढी उरली, तर मुलाचे वय एका दिवसाने वाढते. यास्तव जन्मतारखेला वेळ जोडूच नये.

जेथे वेळ हवीच, तेथे ती पुरती लिहावी. गळीत हंगामात आपल्या भागात ऊस वजनकाट्यावर रात्रंदिवस येतो. पावतीवर नुसते १२.३० असेल, तर ते दुपारचे की रात्रीचे, हे कसे कळावे? चोवीस तासांच्या रीतीने ००.३० लिहिले, की प्रश्न मिटतो.

या साऱ्यावर उपाय सोपा आहे. साठविताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवावा : १९६२-०६-०१. आयएसओ ८६०१ या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने हाच क्रम सांगितला आहे. मोठे एकक आधी असल्याने अशा तारखा अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमानेच लागतात. दाखविताना मात्र वाचणाऱ्याची भाषा पाहावी. जावास्क्रिप्टला 'मराठी, भारत' असा संकेत देऊन महिन्याचे नाव मागितले, तर ती '१ जून, १९६२' असे देवनागरी अंकांत लिहून देते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, त्यामागेही हाच विचार आहे : अंक चुकला तर अक्षराने सावरावे. पालकांनी संगणकीय प्रमाणपत्र हाती येताच ते या दाखल्याशी ताडून पाहावे. आणि आज्ञावली लिहिणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी महिना शक्य तेथे नावानेच छापावा, ही आमची विनंती.