शिकाऊ परवाना आणि मागची बैठक

पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या होऊन त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु येथील लोकांची सोयरीक पूर्वीप्रमाणेच वरूड, नरखेड, काटोल, सावनेर या बाजूंना पसरलेली आहे. बारसे असो वा बारावा, सीमा ओलांडावीच लागते. घरात मोटारसायकल असते, आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती शिकाऊ परवाना आला रे आला, की आईला मावशीकडे पोहोचविण्याचे काम त्याच्याकडे येते.

हे काम त्याला सांगू नये, अशी आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील तिसरा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. शिकाऊ चालकाबरोबर परवानाधारक शिकविणारा असला पाहिजे, आणि गाडी आवरता येईल अशा जागी तो बसलेला असला पाहिजे. मोटारसायकलीवर त्याच्यावाचून दुसऱ्या कोणासही बसविण्यास मनाई आहे. (मागे बसलेल्या गुरूचा पाय ब्रेकपर्यंत कसा पोहोचावा, हे नियम करणारेच जाणोत!) आईजवळ परवाना नसेल तर ती शिकविणारी ठरत नाही, मग मुलगा कितीही सावकाश चालवो.

एका घरी आम्ही ही गोष्ट काढली, तेव्हा घरधनी हसून म्हणाले, “परवाना मध्यप्रदेशचा, वरूडात कोण विचारतो?” वस्तुतः शिकाऊ परवानाही साऱ्या भारतात चालतो, आणि त्याबरोबर त्याची बंधनेही चालत जातात.

बंधन उगाच घातलेले नाही. मागे माणूस बसला की गाडीचा तोल बदलतो, ती थांबावयास अधिक अंतर लागते, आणि वळणावर मागचा माणूस घाबरून उलट बाजूस कलला तर नवख्या हाताला ती सावरत नाही. दुखापत मागच्यालाही होते. त्यातही, पुष्कळ घरी कायद्याने सक्तीचा तेवढाच विमा उतरविलेला असतो. अशा विम्यात मागे बसलेल्याची भरपाई कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले आहे. दवाखान्याचा खर्च मग संत्र्याच्या पैशांतूनच जावयाचा. विम्याचा कागद पेटीतून काढून एकदा वाचून पाहावा.

अठरा पुरी न झालेल्या मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांस तर २०१९ पासून पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद सांगितलेली आहे.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तेवढे दिवस मावशीने वाट पाहावी. तिला घाई असेल, तर पांढुर्णा, नरखेड आणि काटोल ही तिन्ही स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत. मुलाने आईची पिशवी उचलून तिला स्थानकापर्यंत चालत पोहोचवावे.