गप्प बसलेल्या बाकांचा हिशेब

सत्र अर्ध्यावर आले की विद्यार्थी गुणांचा हिशेब मांडतात. कोयना, केरा, मोरणेच्या खोऱ्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून एस.टी.ने पाटणला कॉलेजात येणारे आम्ही विद्यार्थी यंदा वेगळा हिशेब मांडत आहोत. वर्गातल्या चर्चेत बोलले कोण आणि गप्प राहिले कोण?

यंदा समाजशास्त्राच्या तासाला व्याख्यान कमी आणि चर्चा जास्त झाली. चर्चेनंतर प्रत्येकाने एक पान लिहून भित्तिपत्रकावर लावायचे, असा नियम ठरला. सुरुवातीला चर्चा म्हणजे पुढच्या बाकांची मक्तेदारीच होती! घरात पुस्तकांचे कपाट असलेल्यांची जीभ सैल आणि घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्यांच्या तोंडाला कुलूप. मुली तर हजेरीपुरत्याच बोलत.

भित्तिपत्रकाने हे चित्र पालटले. वर्गात कधी न बोललेल्या एका मुलीने आपल्या गावच्या पाणवठ्याविषयी लिहिले. पुढचा तास तिच्या पानावरूनच सुरू झाला. तिला प्रश्न विचारले गेले आणि ती उभी राहून बोलली. उलट, आरक्षणाचा विषय निघताच ‘गुणवत्ता’ हा शब्द तोंडावर फेकणाऱ्यांना त्याचा अर्थ कागदावर लिहिताना घाम फुटला.

गप्प बसणाऱ्याला अक्कल नसते, असे समजणाऱ्यांनी साताऱ्याचा इतिहास वाचावा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाले. साताऱ्यात शिकताना त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायचे गोणपाट घरून आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे. शिपाई नसेल तर पाणीही नाही!

त्याच विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. जातीतल्या जातीतच लग्न करण्याचे बंधन हा जातिव्यवस्थेचा गाभा आहे, हे त्यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी मांडले. मे १९१७ मध्ये तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. बांधवांनो, मुळात हे एका विद्यार्थ्याने वर्गात वाचलेले लेखनच होते!

म्हणून उरलेल्या सत्रासाठी आमची मागणी साधी आहे. चर्चेआधी सर्वांना दहा मिनिटे लिहू द्या. जे अजून बोललेले नाहीत त्यांना पहिली पाळी द्या. उत्तराला गुण देता, तसे चांगल्या प्रश्नालाही द्या.

हाच प्रश्न आम्ही आपल्या चळवळीलाही विचारतो. विहारात एकच वक्ता दोन तास बोलतो आणि पोरे सतरंज्या उचलतात. मग वर्गात आमची मुले बोलत नाहीत, म्हणून दोष कुणाला द्यायचा? ‘शिका’ या आदेशात बोलायला शिकणे येत नाही काय?

बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रतिमेला हार जरूर घाला. पण प्रत्येक विहारात एका तरी विद्यार्थ्याला स्वतः लिहिलेले पान वाचू द्या. वडीलधाऱ्यांनी खाली सतरंजीवर बसून ते ऐकावे आणि त्याला प्रश्न विचारावेत. उत्तरे द्यायला आम्ही तयार आहोत.

जय भीम!