मत्तय अठ्ठाविसाच्या आधीचे बायबल

मराठी चर्चमध्ये मिशन कार्याचा विषय निघाला की एक उतारा हमखास वाचला जातो. मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय अठ्ठाविसावा, शेवटची वचने. पुनरुत्थित येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो, ती ‘महान आज्ञा’. १७९२ साली विल्यम कॅरीने आपल्या पुस्तिकेत याच आज्ञेवर भर दिला, पुढच्या वर्षी तो बंगालमध्ये पोहोचला आणि १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार मोडी लिपीत बाहेर पडला. एवढे सारे एका आज्ञेने घडवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘जा’ हे सांगणारी वचने कशासाठी जायचे हे पुरते सांगत नाहीत. ते कळायला आधीचे सगळे वाचावे लागते, आणि आपल्याकडे नेमके तेच संडे स्कूलच्या गोष्टींपुरते उरले आहे. नोहाचे तारू, दावीद आणि गल्याथ, सिंहांच्या गुहेतला दानीएल. गोष्टी सुट्या, मुलांसाठी चित्रांसकट.

या सुटेपणावर गेल्या काही दशकांत ज्यांनी नेटाने लिहिले, त्यांतले एक ख्रिस्तोफर राइट. मूळचे उत्तर आयर्लंडचे. १९८०च्या दशकात पाच वर्षे ते पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत जुना करार शिकवत होते. ही सेमिनरी मूळची यवतमाळची, १९८३ साली पुण्यात आली. राइट यांचा मोठा ग्रंथ २००६ साली आला. त्यातला मुद्दा थोडक्यात असा, की बायबलमध्ये मिशनसाठी आधार शोधत बसू नये, कारण अख्खे बायबलच देवाच्या कार्याची कथा आहे. सृष्टी, माणसाचे पतन, अब्राहामाला दिलेले वचन, इस्राएल, ख्रिस्त, मंडळी आणि शेवटी नवी सृष्टी. कळीची जागा उत्पत्तीचा बारावा अध्याय. तिथे एका म्हाताऱ्या, निपुत्रिक माणसाला सांगितले जाते की तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. म्हणजे महान आज्ञा ही सुरुवात नव्हे, जुन्या वचनाचा पुढचा हप्ता.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज जेज्विटाने हे मराठीतच करून ठेवले आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि मरेपर्यंत, १६१९पर्यंत, तिथेच राहिले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. स्टीफन्स बेथलेहेमच्या गोठ्यापासून आरंभ करत नाहीत. पहिले पुराण विश्वाच्या उत्पत्तीपासून निघते, इस्राएलचा सगळा इतिहास सांगते, आणि तारणाऱ्याची वाट पाहण्यापाशी थांबते. ख्रिस्त दुसऱ्या पुराणात. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची पूर्वीची पुराणे वाचायला तुम्ही मना केली, मग त्यांच्या जागी तुमचे काही का देत नाही? प्रश्न बोचरा आहे. गोव्याच्या साष्टीतली देवळे १५६७ साली पाडली गेली होती, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६०पासून बसलेले होते. स्टीफन्स त्या पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखालीच लिहीत होते, हे विसरून त्यांचे गोडवे गाता येत नाहीत. तरीही त्यांना एक कळले होते : ज्याची कथा हिरावली, त्याला चार सिद्धांत पाठ करायला देऊन भागत नाही, कथाच द्यावी लागते, आणि तीही ओवीत.

सलग कथा हाती असूनही काय चुकू शकते, हे पाहायला आता हुबळीकडे वळू. तारिहाळ आज शहराच्या कडेची औद्योगिक वसाहत म्हणून माहीत आहे. १८३०च्या दशकात हा सगळा मुलूख कंपनीच्या दफ्तरात ‘दक्षिण मराठा प्रदेश’ होता. लोक कन्नड बोलत, पण कारभार मुंबई इलाख्याचा आणि दफ्तरात मराठीचा वावर मोठा. १८३४ साली मंगळुरात पोहोचलेले स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनचे लोक १८३७ साली धारवाडला आले, १८३९ साली हुबळीला. यांतले बरेचसे जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग भागातल्या भाविक घरांतले, आणि त्या भागावर योहान आल्ब्रेख्त बेंगेल या अठराव्या शतकातल्या धर्मपंडिताची गडद छाया होती. बेंगेलने उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत बायबलची एक सलग कालगणना मांडली आणि हिशेब करून साल काढले : १८३६. त्या वर्षी युगपालट होणार होता. युग काही पालटले नाही. पण जगाचा इतिहास ही देवाच्या हातची एकच सलग गोष्ट आहे आणि ती शेवटाकडे सरकते आहे, ही समजूत हाडीमाशी मुरलेली माणसे हुबळीच्या बाजारात उभी राहून बोलू लागली.

त्यांच्यासमोर जे आले, ते मिशनच्या इतिहासातले मला सर्वांत विलक्षण वाटणारे प्रकरण. लिंगायत परंपरेशी नाते सांगणारा एक पंथ या भागात होता, ‘कालज्ञानी’ म्हणून ओळखला जाणारा. चेन्नबसवण्णांच्या नावावर सांगितली जाणारी भविष्यवचने ते जपत आणि वाट पाहत. त्यांनी मिशनऱ्यांना येऊन सांगितले की आमच्या ग्रंथांत तुमच्याविषयी लिहिले आहे. दोन कालज्ञाने समोरासमोर ठाकली! मिशनऱ्यांना हा पिकलेल्या शेताचा दृष्टान्त खरा झाल्यासारखे वाटले. गावेच्या गावे येतील या आशेवर १८४१ साली गदग-बेटगेरीजवळ मलसमुद्र येथे ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या वसाहतीचा घाट घातला गेला. हेरमान म्योगलिंगसारखा बुद्धिमान मिशनरी त्यात जीव ओतून उतरला. लोक मात्र आले नाहीत. आले ते थोडे.

याची कारणे देताना मिशनच्या लिखाणात स्वार्थ, फसवणूक असे शब्द येतात. ते मला उथळ वाटतात. गोरगरिबाला जमीन आणि सावकारापासून आडोसा हवा होता, तर त्यात लाज कसली? निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोकही विटा थापण्याच्या जाचातून सुटण्यासाठीच आक्रोश करतात, आणि देव तो ऐकतो. चूक झाली ती दुसरीकडे. मिशनऱ्यांनी कालज्ञान्यांच्या प्रतीक्षेत स्वतःच्या गोष्टीचा पुरावा पाहिला, त्या प्रतीक्षेमागचे त्यांचे दुःख पाहिले नाही. सलग कथेचा हा धोका राइट यांच्या वाचकांनीही ध्यानात ठेवावा. सगळ्या जगाचा इतिहास सांगणारी गोष्ट हाती असली की समोरच्याची गोष्ट तिच्यातले एक तळटीपेएवढे प्रकरण होऊन बसते.

त्या मानाने १८५३ साली आलेला फर्डिनांड किटेल जास्त ऐकणारा. धारवाड-हुबळीकडे राहून तो कन्नड शिकला, कवींत रमला, मिशनच्या वरिष्ठांशी त्याचे फारसे जमले नाही. १८६२ साली त्याने ‘कथामाले’ लिहिली, ख्रिस्ताचे चरित्र, देशी छंदांत. पुढे १८९४ सालचा त्याचा कन्नड कोश एवढा गाजला की ‘कथामाले’ लोक विसरून गेले. मराठीत हेच काम ना. वा. टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’ने हाती घेतले. ते अपुरे राहिले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नेटाने पुढे नेले.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी. कर्नाटकातल्या गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या या बाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून, अख्खे बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या, भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली राहत होत्या. त्यांच्या हाती वेचक वचने देण्यावर बाईंनी समाधान मानले नाही, सबंध ग्रंथ द्यायचे ठरवले. मिशन म्हणजे काय याचे याहून ठोस उत्तर मला मराठी ख्रिस्ती इतिहासात दिसत नाही.

सबंध ग्रंथ हाती आला की काय घडते, याचा राइट एक प्रसंग सांगतात. आंध्रातल्या एका दलित तरुणाच्या हाती बायबल आले आणि त्याने प्रथम वाचली ती १ राजे २१मधली नाबोथाची गोष्ट. अहाब राजाला नाबोथाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा हवा असतो, तो देत नाही, ईजबेल खोटे साक्षीदार उभे करून त्याला मारवते, आणि एलीया संदेष्टा राजाला त्याच मळ्यात गाठतो. आपल्या लोकांवर झालेला अन्याय ओळखणारा देव या तरुणाला तिथे भेटला. महान आज्ञा त्याने अजून वाचलीही नव्हती.

बेळगाव, धारवाड, हुबळी, तारिहाळ या पट्ट्यातल्या मंडळ्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांची माणसे आहेत. त्यांच्या पाळकांना आणि अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांना एक सुचवणे आहे. पुढच्या वर्षीचा वर्ग उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायापासून सुरू करा, क्रमाने वाचा, ‘क्रिस्तपुराणा’च्या देवनागरी आवृत्त्या उपलब्ध आहेत त्यांतले उतारे सोबत घ्या. आणि वेळ कमी पडला तर दुसरे काहीही गाळा, नाबोथाचा मळा गाळू नका.