आलेख ‘आपोआप’ येत नाही!

मागच्या पावसाळ्यात एक आई आपल्या चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या कार्यालयात आली. प्रकरण धनादेश न वटल्याचे, म्हणजे कलम १३८ चे होते. मुलाने ओळखीच्या माणसाकडून हातउसने पैसे घेतले, ते शेअर बाजारातील ‘ऑप्शन’च्या व्यवहारात लावले आणि सहा आठवड्यांत सगळे घालविले. आई धुणीभांडी करते. मुलगा पदवीधर आहे. “अरे, एवढे पैसे कशाच्या भरवशावर लावलेस?” असे मी विचारले, तेव्हा त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर हिरव्या-लाल कँडल होत्या आणि त्यांच्या अंगावरून एक निळी रेघ गेली होती. “सर, चार्ट तर वर जायचं दाखवत होता.”

मी म्हणालो, “ही निळी रेघ कोण काढतं?”

तो म्हणाला, “ती आपोआप येते.”

वाचकहो, या प्रकरणातील खरा आरोपी मला त्या क्षणी सापडला. तो म्हणजे हा ‘आपोआप’ शब्द. जे आपोआप येते त्याला प्रश्न विचारायचा नसतो, त्यापुढे फक्त मान तुकवायची असते. परंतु ती रेघ आपोआप येत नाही. कोठेतरी एक सॉफ्टवेअर इंजिनियर बसलेला असतो. रेघ कोणत्या सूत्राने मोजायची, किती दिवसांची मोजायची, कोणता आकडा दाखवायचा आणि कोणता गाळायचा, हे सारे तो ठरवितो. त्याला दर महिन्याला पगार मिळतो. ती रेघ पाहून पैसे लावणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा कर्ज येते. हा फरक आपल्या तरुणांनी समजून घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम रेघेचे पाहू. बाजारात ज्याला ‘आरएसआय’ म्हणतात, ते मापक वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसाने १९७८ साली आपल्या पुस्तकातून मांडले. हा गृहस्थ मूळचा मेकॅनिकल इंजिनियर. त्याचे गणित आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला जमेल असे आहे. गेल्या १४ दिवसांत भाव सरासरी किती चढला आणि सरासरी किती उतरला, याचे गुणोत्तर काढायचे आणि ते शून्य ते शंभर या पट्टीवर बसवायचे. चढ सरासरी ३ रुपये आणि उतार सरासरी १ रुपया असेल, तर उत्तर येते ७५. बस्स. यात उद्याचा भाव कोठेही नाही. कँडलची पद्धतही अशीच मानवनिर्मित आहे. अठराव्या शतकातील जपानी तांदूळ व्यापारी होन्मा मुनेहिसा याला तिचे श्रेय परंपरेने दिले जाते. स्टीव्ह निसन यांच्या १९९१ च्या पुस्तकामुळे ती पाश्चात्त्य बाजारात पसरली आणि पुढे संगणकावर बसून आपल्या मोबाईलपर्यंत आली.

आता ही रेघ पडद्यावर आणणाऱ्या माणसाचे काम पाहू. मायक्रोसॉफ्टने विंडोज १९८५ साली बाजारात आणली. चार्ल्स पेटझोल्ड यांचे विंडोजसाठी प्रोग्राम कसे लिहावेत हे शिकविणारे पुस्तक १९८८ साली आले आणि एका पिढीने ते पाठ केले. त्या काळी पडद्यावर नुसते एक वाक्य उमटवायचे तरी सी भाषेत कित्येक ओळी लिहाव्या लागत. विंडोजची रीत अशी की प्रोग्राम स्वतःहून चित्र काढत बसत नाही. “तुझी खिडकी झाकली गेली होती, ती पुन्हा रंगव” असा निरोप विंडोज त्याला पाठवते आणि मग तो रंगवितो. आता बाजार चालू आहे, भाव क्षणाक्षणाला येत आहेत आणि प्रत्येक भावाबरोबर शेवटची कँडल बदलते आहे. भाव घेणे आणि चित्र रंगविणे ही दोन कामे एकाच हाताने केली, तर खिडकी गोठते. थेट पडद्यावर रंगविले, तर चित्र लुकलुकते. म्हणून इंजिनियर भाव घेण्याचे काम वेगळ्या धाग्यावर टाकतो, चित्र आधी संगणकाच्या स्मृतीत पूर्ण करतो आणि मगच ते पडद्यावर उतरवितो. पाहणाऱ्याला वाटते, सारे आपोआप चालले आहे!

या कामात प्रामाणिकपणाची कसोटी कोठे लागते, त्याचे एक उदाहरण देतो. आपला शेअर बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटे चालतो. एका मिनिटाची एक कँडल धरली तर दिवसाच्या ३७५ आणि वर्षाच्या २५० दिवसांच्या ९३,७५० कँडल होतात. संगणकाच्या पडद्याच्या रुंदीत ठिपके असतात साधारण १,९२०. म्हणजे एका ठिपक्याच्या जागेत सुमारे ४९ कँडल कोंबाव्या लागतात. आळशी इंजिनियर ४९ पैकी एक उचलतो आणि बाकीच्या सोडून देतो. सोडलेल्यांत नेमकी ती एक मिनिटाची कोसळण असेल, तर ती आलेखातून नाहीशी होते. जाणता इंजिनियर त्या ४९ मधील सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव शोधून तेवढी उभी रेघ काढतो. दोन्ही आलेख सारखेच देखणे दिसतात. एक खरे सांगतो, दुसरा खोटे.

तसेच बोनस शेअरचे. एका शेअरला एक शेअर बोनस मिळाला की हजाराचा भाव बाजारात पाचशेच्या आसपास उघडतो. शेअरधारकाचे काहीच गेलेले नसते. परंतु जुने भाव त्या प्रमाणात दुरुस्त केले नाहीत, तर आलेखात कंपनी एका रात्रीत निम्मी बुडालेली दिसते आणि त्यावरची प्रत्येक रेघ चुकते.

चूक केवढी वाढू शकते, याचा दाखला कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने जगाला दिला. १९८२ च्या जानेवारीत तेथे १००० अंकांवर नवा निर्देशांक सुरू झाला. दिवसातून हजारो वेळा तो संगणकावर नव्याने मोजला जाई आणि प्रत्येक वेळी तीन दशांश स्थळांपुढील आकडे जवळच्या अंकात न बदलता सरळ कापून टाकले जात. कापलेला भाग एवढासा. परंतु १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक ५२४ च्या आसपास उतरला होता. हिशेब दुरुस्त केला तेव्हा तो निघाला सुमारे १०९८! बाजार वाढला होता आणि आकडा मात्र बाजार निम्मा झाल्याचे सांगत होता. प्रोग्राममधील एका ओळीची ही करामत.

आता आपल्याकडील आकडे पाहा. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. यांतील पाऊणहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे सांगितले होते. तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. २०२५ च्या पुढच्या अभ्यासातही २०२४-२५ या वर्षात तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्क्यांच्या घरातच राहिले.

मग नफा कोणाला झाला? २०२४ चा अभ्यास त्याचेही उत्तर देतो. परकीय गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यातील ९७ टक्के आणि स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांच्या नफ्यातील ९६ टक्के नफा संगणकीय प्रोग्रामने केलेल्या व्यवहारांतून आला. त्या प्रोग्राममागे भांडवल आहे, वेग आहे आणि पगारी इंजिनियर आहेत. आमचा मुलगा त्यांच्यासमोर मोबाईल घेऊन उभा आहे आणि म्हणतो आहे, रेघ आपोआप येते! ही लढत बरोबरीची आहे काय?

येथे कोणी म्हणेल, सॉफ्टवेअरची नोकरी तरी कोठे कायमची असते? प्रश्न रास्त आहे. या क्षेत्रातील हत्यारे फार लवकर जुनी होतात. १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आले आणि खिडकी, बटण, तक्ता हे सारे हाताने ओढून मांडता येऊ लागले. त्याची सहावी आवृत्ती १९९८ साली आली आणि अनेकांनी तिच्यावर संसार उभे केले. २००२ साली डॉट नेट आले. २००६ साली खिडक्या रंगविण्याची आणखी नवी पद्धत आली. २००८ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक सहाच्या विकासप्रणालीचा आधार थांबविला. ज्यांनी फक्त बटणे ओढणे शिकले होते ते अडकले. ज्यांना भावाचे गणित, माहितीची मांडणी आणि विंडोजचे निरोप कळत होते, त्यांनी हत्यार बदलले आणि काम चालू ठेवले.

पोलंडच्या टोमाश यानेचको यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांनी ‘अमीब्रोकर’ हा आलेखाचा प्रोग्राम १९९५ साली अमिगा या संगणकासाठी आणला. अमिगा बनविणारी कमोडोर कंपनी १९९४ सालीच दिवाळखोरीत निघाली होती! पायाखालचे यंत्र गेले, तरी डोक्यातील ज्ञान गेले नाही. त्यांनी तोच प्रोग्राम विंडोजवर उभा केला आणि पुढे आपल्याकडील व्यवहार करणाऱ्यांच्या संगणकांपर्यंतही तो पोहोचला.

एक वकील म्हणून येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ आहे. परंतु कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनीच असते. वीस वर्षे राबून लिहिलेल्या लाखभर ओळींपैकी एकही ओळ नोकरी सोडताना बरोबर नेता येत नाही. म्हणून नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचा. घरी, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या संगणकावर केलेल्या कामाबद्दल त्यात काय लिहिले आहे, ते विचारा. कागद न वाचता सही करणे आणि रेघ न समजता पैसे लावणे, या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत.

आपल्याला शेअर बाजार परका आहे, असेही कोणी समजू नये. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. ज्या विद्वानाने १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा सल्ला बाजाराला चालला नाही! आजही मुलाखत घेणारा आडनावापाशी थबकू शकतो. परंतु लिहिलेला प्रोग्राम चालतो की नाही, हे ठरविताना संगणक आडनाव पाहत नाही. ही एवढीशी फट आहे. तीतून आत शिरायचे तर तयारी दुप्पट हवी.

त्या मुलाच्या प्रकरणात तडजोड झाली. पैसे हप्त्याने फेडायचे ठरले. जाताना मी त्याला एक वही दिली आणि म्हणालो, “एका शेअरचे गेल्या पंधरा दिवसांचे बंद भाव लिही. त्यावरून चौदा दिवसांचे चढ-उतार काढ आणि आरएसआय हाताने मोज. मोबाईलला हात लावायचा नाही.” चार दिवसांनी तो आला. गणित बरोबर होते. वही पुढे करून तो म्हणाला, “सर, यात तर सगळं होऊन गेलेलंच आहे. पुढचं काहीच नाही.”

तीन हजार रुपयांच्या शिकवणीने त्याला हे कोणी सांगितले नव्हते. आता तो आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी तेच सूत्र जुन्या संगणकावर प्रोग्रामच्या रूपात लिहितो आहे. अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, ती राहू द्यात. त्यांच्या शेजारी एक संगणक ठेवा आणि ज्याला येते त्याने आठवड्यातून दोन तास द्या. आपल्या मुलांनी आलेखापुढे मान तुकवायची की आलेख घडवायचा, याचा निर्णय त्या दोन तासांत होणार आहे.