चिंच, पितळ आणि कल्हई

पितळेची भांडी चिंचेने घासावीत, पण बिनकल्हईच्या भांड्यात चिंचेची आमटी ठेवू नये, हा आपल्याकडील गृहिणींचा जुना नियम आहे. घासताना उपयोगी पडणारी चिंच आमटीत असता घातक का ठरावी? वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन गोष्टींच्या मुळाशी एकच रासायनिक क्रिया आहे.

चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लामुळे येतो. लिंबात सायट्रिक, तर ताकात लॅक्टिक आम्ल असते. आम्लांना त्यांचा विशिष्ट गुण कशामुळे येतो, याविषयी रसायनशास्त्रज्ञांचीही एकदा फसगत झाली होती. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे, अशा समजुतीने फ्रान्समधील लाव्हाझिएने त्या वायूला ‘आम्लजनक’ या अर्थाचे नाव दिले. पुढे १८१० च्या सुमारास इंग्लंडात हम्फ्री डेव्हीने हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नसतो, असे दाखविले. नाव मात्र कायम राहिले. आपला ‘प्राणवायू’ हा शब्द या घोटाळ्यातून सुटला, हे बरेच झाले. आम्लाचा गुण त्यातील हायड्रोजनात असतो. आम्ल पाण्यात विरघळले म्हणजे हायड्रोजनचे धनविद्युत्भारित कण, अर्थात आयन, सुटे होतात, असे स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८८७ मध्ये प्रतिपादन केले. हायड्रोक्लोरिक आम्लात ते जवळजवळ सर्व रेणूंतून सुटतात, टार्टारिक आम्लात थोड्याच रेणूंतून. म्हणून चिंच आपण खाऊ शकतो.

आता पितळेकडे वळू. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण होय. निव्वळ तांब्यावर चिंचेतील आम्लाचे फारसे काही चालत नाही. परंतु हवेतील ऑक्सिजनमुळे तांब्यावर ऑक्साइडचा काळपट थर चढतो, आणि तो थर आम्लात विरघळून त्याचे क्षार बनतात. भांडे घासताना हे क्षार पाण्याबरोबर वाहून जातात व खालचा लखलखीत धातू दिसू लागतो. आमटी रात्रभर भांड्यात राहिली, तर हीच क्रिया पुन्हापुन्हा घडते आणि क्षार मात्र आमटीतच उतरतात. तिला कडवट, तुरट चव येते, क्वचित हिरवट झाक दिसते. आमटी ‘कळकली’ असे आपण म्हणतो ते हेच. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ, ओकारी व पोटदुखी होते. पुन्हा उकळून ते निर्दोष होईल ही समजूत चुकीची आहे. उकळल्याने पाणी आटते, क्षार आहेत तेथेच राहतात. असे अन्न टाकून द्यावे.

यावर पूर्वीपासूनचा उपाय कल्हईचा. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची पूड टाकतो, तेव्हा पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागराचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात, आणि त्यांपैकी दुसरा धातूवरील ऑक्साइड काढून टाकतो. म्हणजे येथेही आम्लाचेच साहाय्य! स्वच्छ झालेल्या पृष्ठभागावर २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवितात. कथिलावर चिंचेचा परिणाम फारच अल्प होतो. मात्र हा थर पातळ असतो. तो झिजून पितळेचा पिवळा रंग आतून डोकावू लागला, की पुन्हा कल्हई होईपर्यंत त्या भांड्यात आमटी किंवा कढी करू नये.